समुद्रात बसलेली म्हैस

आमच्या घरात दोन वर्षं म्हशीचा विषय निघत नव्हता. तशी बंदी कुणी घातली नव्हती. पण माझ्या वडिलांनी, आबांनी, नुसतं "औंदा बाजाराला जाऊन येतो" म्हटलं, तरी आई उठून चुलीपुढं जाऊन बसायची आणि पेटलेला जाळच पुन्हा फुंकत राहायची. घरात तीन एकर ऊस, आणि दूध मात्र शेजारून तांब्या भरून आणायचं. आबांना त्याची फार लाज वाटायची. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सरहद्दीवर पूल बांधणाऱ्या तुकडीत होते, आणि जगात आपल्याला येत नाही असं काही नाही हे त्यांचं ठाम मत होतं. फक्त आईपुढं त्यांचं काही चालायचं नाही.

आमचं गाव कृष्णेकाठी, सातारा जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. बहात्तरच्या दुष्काळात आमची म्हैस आईनं उसाचं वाडं, शेंड्याचा हिरवा पाला, घालून जगवली होती. स्वतः अर्धी भाकरी खाल्ली, पण म्हशीच्या वैरणीत कधी खंड पडला नाही. लांब शिंगांची, काळीभोर, आणि आईशिवाय कुणाला आचळाला हात लावू न देणारी. दुष्काळ सरला, नदीला पाणी आलं, आणि नेमक्या पुढच्या उन्हाळ्यात म्हशीनं पाण्यात जायचं सोडलं. दुपारी आई तिला घाटावर न्यायची. बाकीच्या म्हशी डोळे मिटून डुंबत असायच्या आणि आमची काठावर उभी. एक दिवस आई घाईत होती, घरात पाहुणे आले होते. तिनं निरगुडीचा फोक मोडून घेतला आणि चार-पाच सपकारे म्हशीच्या पाठीवर ओढले. मी सुट्टीला आले होते, घाटावर धुणं धूत होते. म्हशीनं मान वळवून आईकडं बघितलं. पाण्यात काही गेली नाही.

आठच दिवसांत ती गेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आतून आजार होता, काळीज सुजलं होतं, तुमचा काही दोष नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीएक खरं धरलं नाही. मला एकदाच म्हणाली, "आजारी जनावराला मारलं गं मी. ती रुसून गेली." पुन्हा तो विषय नाही आणि घरात म्हैसही नाही.

माझा फायदा झाला, खोटं कशाला बोलू. गोठा रिकामा झाला तो मला मिळाला.

मी सांगलीला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. राहायला एक खोली, आणि घरमालकीण अशी की फरशीवर रंगाचा थेंब पडला तर तीन दिवस टोमणे. मूर्ती करणाऱ्याला हातात कला लागते म्हणतात. लागत असेल. त्याआधी जागा लागते. सिमेंट कालवायला, सळ्या वाकवायला, चुकलेलं फोडून टाकायला आणि कुणी बघत नसताना रडायला सुद्धा. ती जागा मला अख्ख्या सांगलीत मिळाली नव्हती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दुपारची एस.टी. पकडायची, गावात उतरायची आणि चहा पिऊन थेट गोठ्यात. सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. नखांत सिमेंट घेऊन फळ्यावर कमळ काढायची. मुली हसायच्या, हसू देत.

कोकणात एका बंदराच्या गावी दरवर्षी थंडीत समुद्रकाठी शिल्पांचं प्रदर्शन भरायचं. ना मांडव, ना भिंत. वाळूत चुन्यानं आकडे टाकायचे आणि ज्याचं काम त्यानं आणून आपल्या आकड्यावर ठेवायचं. दहा-पंधरा दिवस ऊन-वाऱ्यात उभं. कॉलेजात बरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीनं मला त्याचं पत्रक पाठवलं. पहिल्या वर्षी मी एका बाईचं मुंडकं केलं, गोणपाटात गुंडाळून एस.टी.च्या टपावर टाकून नेलं. माझा आकडा आला चहाच्या टपरीमागं. ठेवलं, आणि त्याच दिवशी परत फिरले, कारण सुट्टी एकच दिवस. नंतर मैत्रिणीचं पत्र आलं की टपरीवाला तुझ्या बाईच्या डोक्यावर फडकी वाळत घालतो. मी ते पत्र आबांना वाचून दाखवलं, ही माझी चूक. आबांनी ते मनात ठेवलं.

दुसऱ्या वर्षी मोठं काम करायचं मी ठरवलं आणि त्याच श्रावणात आबांनी मला ओट्यावर बसवून सांगितलं, "वहिनीला दिवस गेल्यात तुझ्या. फागणात बाळंत व्हईल. लेकरू घरात येनार, आन् दूध शेजारनं? मला न्हाई जमायचं. तुझ्या आईला मी बघतो. तू यंदाचं प्रदर्शन कर, आन् मग गोठा खाली कर."

माझा भाऊ फौजेत, लांब कुठं तरी बर्फात. त्याच्या बायकोला आणि होणाऱ्या लेकराला दूध मिळू नये असं म्हणायला मी काय राक्षस होते? हो म्हटलं. पण आतून पार खचले. गोठा गेला की काम गेलं. शाळेत कमळं काढत म्हातारी होणार, एवढंच पुढं दिसत होतं. एकच वेडी आशा होती. यंदाचं काम असं काही झालं की चार माणसं थांबून बघतील, तर आबा स्वतःच दुसरं काही सुचवतील. माणूस लोकांच्या शब्दाला मान देणारा होता.

काय करायचं याचा विचार करत मी गोठ्यात बसले होते. जमिनीला म्हशीच्या अंगाचा खळगा पडलेला होता. वर्षानुवर्षं एकाच जागी बसून पडलेला, खुंट्यापासून हातभर. मी त्याच्याकडं बघत बसले आणि मनात म्हटलं, ही जागा जिची आहे तिचंच करावं.

कुपवाडच्या एका वेल्डिंगवाल्या चाचांनी सळ्यांचा सांगाडा करून दिला. ते माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील. मी कागदावर काढलेली म्हैस त्यांनी उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "मॅडम, ही बसलीय का उठायला लागलीय?" मी म्हटलं, बसलीय. "मग मान एवढी वर कशाला?" मला तिची मान वरच दिसत होती. चाचांनी मान हलवली आणि सांगितलं तशी शिंगं वाकवून दिली, खांद्यापर्यंत मागं गेलेली, दोन्ही अगदी सारखी.

सांगाडा त्या खळग्यावर ठेवला, वर जाळी बांधली आणि सिमेंट चढवायला लागले. पोट आतून पोकळ आणि खालून उघडं ठेवलं, नाही तर उचलणार कोण. आई तीन आठवडे गोठ्याकडं फिरकली नाही. चौथ्या रविवारी दारात येऊन उभी राहिली. मी मुद्दाम वळून बघितलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "कान चुकलं."

"कसे?"

"रवंथ करताना कान असं ताठ नसत्यात. मागं टाकलेलं असत्यात, हिकडं."

मी कान फोडले, नवे केले. मग ती दर शनिवारी-रविवारी यायला लागली. नाकपुड्या, डोळ्याखालची घडी, खांद्यामागचा उतार, सगळं तिनं सांगावं आणि मी करावं. कॉलेजात पाच वर्षांत मला एवढं कुणी बोललं नव्हतं. फक्त एका गोष्टीवर ती अडली. "ही मान. म्हस जमिनीवर अशी मान वर करून बसत न्हाई. ही पान्यातली बसन्याची तऱ्हा हाय. नाकात पानी जाऊ नये म्हनून."

खरंच होतं ते. मी तिला लहानपणापासून नदीत बसलेली बघितलेली, तीच माझ्या हातातून उतरली होती. पण तोवर सिमेंट वाळलं होतं आणि मला राग आला होता. "असू दे. कलेत चालतं," मी म्हटलं. आई म्हणाली, "चालत असंल," आणि गेली.

ओल्या सिमेंटला रोज पाणी मारावं लागतं, नाही तर तडे जातात. मी आठवडाभर सांगलीत. ते काम आईनं आपणहून घेतलं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घागरी म्हशीच्या पाठीवरून सोडायची आणि हातानं चोळायची. वहिनीनं मला पत्रात लिहिलं, सासूबाई तिला आंघोळ घालतात आणि तिच्याशी बोलतात. मी ते पत्र आबांना दाखवलं नाही. एका पत्रानं शहाणी झाले होते.

गूळ भरून कोकणात जाणारा एक ट्रक ओळखीचा होता. त्याच्या मागच्या भागात म्हैस चढवली, भोवती उसाचं पाचट कोंबलं. आबा म्हणाले, मी येतो, ओझं उतरवणं हे माझं काम आहे. आई म्हणाली, मी पण येते. तिनं आयुष्यात कृष्णेच्या पलीकडं पाच-सहा गावं बघितली असतील. "तू कशाला?" असं आबांनी विचारलं, तर म्हणाली, "एकलीला कशी पाठवायची?" आबांना वाटलं, ती माझ्याबद्दल बोलतेय.

कुंभार्ली घाट उतरून सकाळी साडेसातला आम्ही त्या गावी पोचलो. सुरूच्या झाडांपलीकडं समुद्र होता. आईनं बघितला आणि हात जोडले. मग म्हणाली, "पलीकडचा काठ कुठं हाय गं?"

आता पुढचं जे घडलं ते फक्त आमच्यासारखी नदीकाठची माणसंच करू शकतात. आमच्याकडं पाण्याचं एक वळण असतं. आषाढ-श्रावणात नदी चढते, दसऱ्याला उतरते, आणि उतरली की पुढच्या मृगापर्यंत वाळू आपली. तिथं कलिंगडं लावा, जत्रेची दुकानं मांडा, काही करा. पाणी एकदा मागं सरलं की सरलं. भरती-ओहोटी मी पाचवीच्या भूगोलात पाठ केली होती, पूर्ण गुणही मिळवले होते. पण पाठ केलेलं आणि डोळ्यापुढचं यांची गाठ कधी पडलीच नाही.

आमचा आकडा होता वर, झाडांजवळ. आणि त्याच्या बरोबर पुढं कुणाचा तरी लोखंडी पक्षी उभा. पंख पसरलेला, पुरुषभर उंच, भंगाराच्या पत्र्याचा. म्हैस त्याच्यामागं पार झाकून जाणार होती. आबांचा चेहरा बदलला. टपरीवाल्याची फडकी त्यांच्या डोळ्यापुढं आली असणार. प्रदर्शनाचे संयोजक, एक धांदरट गृहस्थ, खांद्याला झोळी, उद्घाटनाच्या पाहुण्यांना आणायला स्टँडवर निघाले होते. आबांनी त्यांना अडवलं. "सायेब, आमची म्हस कुनाच्या मागं बसायची न्हाई."

"जरा पुढं घ्या, हरकत नाही," ते चालता चालता म्हणाले आणि गेले.

आबांनी "जरा" हा शब्द फौजेत कधी ऐकलाच नसावा. ते पक्ष्याच्या पुढं गेले, चुन्याच्या शेवटच्या रेघेच्या पुढं गेले, आणि शे-सव्वाशे पावलांवर टाच रोवून उभे राहिले. समोर सपाट, घट्ट वाळू. आजूबाजूला काही नाही. समुद्र आणखी तेवढाच लांब, एक पांढरी रेघ. "हितं. चारी बाजूंनी दिसंल."

मला वाळूचा ओलसरपणा दिसला होता. मी तसं म्हटलंही. आबा म्हणाले, "पान्याकाठी ओल असनारच. आमी नद्यांवर पूल बांधल्यात पोरी." आणि खरं सांगायचं तर मलाही ती जागा फार आवडली. मागं नुसतं आकाश. मीच मान डोलावली, तेव्हा सगळी चूक आबांवर ढकलून चालणार नाही.

होडीवाल्या दहा-बारा माणसांनी बांबूंवर म्हैस उचलली. आबा "एक, दो" करत पुढं. ठरल्या जागी आल्यावर त्यातला एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, "इथंच? पाण्यात?"

आबांनी लांबच्या रेघेकडं बघितलं. "पानी कुठं हाय?"

ती माणसं हसली. त्यांना वाटलं, गडी विनोदी आहे. नंतर त्यातल्या एकानं मला सांगितलं की आम्हाला वाटलं, म्हैस आहे, पाण्यातच बसवायची असणार. तिकडं एकानं पोटाला भोक असलेला माणूस केलाय, त्याला कुणी का विचारलं? नऊच्या सुमाराला म्हैस वाळूत टेकली. आबांनी तिच्या पायाशी वाळू नीट चोपली आणि समाधानानं हात झाडले.

आईला संकष्टी होती. ती म्हणाली, मी हिथंच बसते हिच्यापाशी, तुमी जेवून या. पिशवीत तिचे शेंगदाणे आणि राजगिऱ्याचा लाडू होता. आबा आणि मी गावात खानावळ शोधली. मासे आबांना चालत नव्हते, मग डाळभात होईपर्यंत थांबलो, मग आबांना तिथं फौजेतला एक मनुष्य भेटला. कुठल्या पलटणीत, कुठं होता, अमुक साहेब माहीत आहे का. दोन वाजून गेले.

परत झाडांपाशी आलो तर वाळूच नव्हती. आमच्या सकाळच्या पायांखाली होती ती सगळी वाळू गायब. पाणी लोखंडी पक्ष्यापासून थोडंच खाली आलं होतं, आणि मध्ये, पाण्यात, आमची म्हैस. लाट आली की पाठ झाकायची, गेली की उघडी पडायची. तिच्या अलीकडं आई कमरेएवढ्या पाण्यात उभी.

चार महिन्यांचं काम. पोट पोकळ, कलंडली की फुटणार, फुटली की समुद्र तुकडे घेऊन जाणार. आणि ते गेलं की गोठाही गेला, सगळंच गेलं, हे एका क्षणात डोक्यातून फिरलं. आबा पायजम्यासकट पाण्यात शिरले. जाता जाता ओरडून हुकूम सोडत होते, दोर आणा, बांबू आणा, आणि ऐकायला तिथं कुणी नव्हतं. मी त्यांच्यामागं. आबांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मला म्हणाले, "माझ्यामुळं झालं गं," आणि म्हशीच्या खांद्याला खांदा लावून तिला वर ढकलायला लागले. ती काय हलते? दहा माणसांचं ओझं ते.

"आवं," आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

आबांना ऐकू गेलं नाही. ते ढकलतच होते.

"आवं, ऱ्हाऊ द्या की तिला. बसू द्या."

तिचा आवाज इतका शांत होता की आम्ही दोघंही थांबलो. पाणी चढत होतं. म्हातारा होडीवाला काठावरून सांगत होता, "आज चतुर्थी, भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट, चाराचे तीन. तीनला भरती पूर्ण, मग उतरणार. घाबरू नका, ती जात नाही कुठं." चतुर्थी आहे हे पहाटेपासून उपाशी असलेल्या आईला ठाऊक होतंच. त्या तिथीचा समुद्राशी काय संबंध, एवढंच आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. पोट खालून उघडं असल्यामुळं आत पाणी आणि वाळू भरली होती, आणि पोकळ म्हणून मी जिला घाबरत होते ती जागेवर घट्ट बसली होती. आम्ही तिघं छातीएवढ्या पाण्यातून मागं आलो आणि काठावर उभे राहिलो.

तीनच्या सुमाराला पाणी तिच्या गळ्यापर्यंत आलं. पाठ दिसेना. मागं गेलेली शिंगं, मागं टाकलेले कान आणि वर केलेली मान, एवढंच पाण्यावर. नाकपुड्या पाण्यापासून चार बोटं वर. लाट यायची, तिच्या गळ्याशी फुटायची, आणि ती आपली डोळे अर्धे मिटून बसलेली. मी केलेली म्हैस मी पहिल्यांदा तिथं बघितली. गोठ्यात ती अवघडलेली दिसायची, आणि मी चार महिने हट्टानं ते मान्य केलं नव्हतं. आता तिच्यात काही अवघडलेलं राहिलं नव्हतं.

आईचं लुगडं निथळत होतं. ती म्हशीकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी चाललं होतं. तोंडावर मात्र हसू.

"बसली," ती म्हणाली. "बसली गं बाई पान्यात."

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी त्यांना दंडाला धरून थोडं बाजूला नेलं. तो फोक, ते सपकारे, सगळं मी त्यांना तिथं सांगितलं. दोन वर्षं एका घरात राहून त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ते वाळूत उकिडवे बसले. मला इतकं हलकं वाटत होतं की मी त्यांच्याशेजारी बसले ती लवकर उठलेच नाही.

पाहुण्यांची जेवणं उरकून त्यांना घेऊन संयोजक आले ते तणतणतच. "अहो, मी जरा म्हटलं होतं." पण तोवर काठावर शंभरेक माणसं जमली होती. बायका पोरांना कडेवर घेऊन दाखवत होत्या. पाहुणे चष्मा काढून पुसून बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? आबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता हे पूल बांधायला सुरुवात करणार. पण ते म्हणाले, "म्हस पोरीनं केली. तिच्या आईनं शिकीवली. मी नुसती चुकीच्या जागी ठिवली." लोक हसले. मी आबांना चूक कबूल करताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी पाणी उतरलं. म्हैस जशीच्या तशी, फक्त एका शिंगाचं टोक उडालेलं आणि गळ्यात शेवाळाची एक दोरी अडकलेली. आईनं ती काढली, पाठीवरून हात फिरवला आणि चंद्र दिसल्यावर लाडू खाल्ला. पुढचे दोन दिवस आम्ही तिथंच होतो. माणसं वेळ विचारून यायची, आज किती वाजता बसणार म्हणून. संयोजकांनी फळ्यावर रोजची भरतीची वेळ लिहायला सुरुवात केली आणि वर लिहिलं, म्हशीची वेळ.

निघायच्या सकाळी मी म्हटलं, पंधरा दिवसांनी ट्रक रिकामा येईल तेव्हा तिला परत आणू. आई म्हणाली, "कशाला? हिथं पानी आटत न्हाई. ऱ्हाऊ दे तिला."

परतीच्या ट्रकमध्ये नारळ भरले होते. घाट चढताना आई एकाएकी आबांना म्हणाली, "आता आना म्हस. लेकराला दूध लागंल."

दोन वर्षं आबा हे शब्द ऐकायला थांबले होते. मी मात्र वेगळाच हिशेब करत होते. समुद्रकाठी एवढं सगळं झालं, माणसं थांबून बघत राहिली, आणि शेवटी गोठा गेलाच. आईचं मन मोकळं झालं याचा आनंद होता, खोटं नाही, पण मी खिडकीकडं तोंड केलं. आबा माझ्याकडं चोरून बघत होते. आईलाच ते दिसलं.

"तोंड कशाला पाडलंस?" ती मला म्हणाली. "गोठ्यात खुंटं किती हायती?"

"दोन."

"मग? एक तिचा, एक तुझा. एका गोठ्यात दोघी मावत न्हाई व्हय?"

आबा मोठ्यानं हसले. ड्रायव्हरही हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. मी हसत होते की रडत होते ते मलाच सांगता यायचं नाही. घरी पोचल्यावर आबांनी मध्ये कुडाची आडभिंत घातली, माझ्या बाजूला कौलं काढून उजेडाला काच बसवली, आणि ती बसवताना दोनदा फोडली. फाल्गुनात भावाला मुलगी झाली, म्हैस आधीच आली होती. पुढं कितीतरी वर्षं मी सिमेंट कालवत असायची आणि कुडापलीकडं रवंथ चालू असायची. मधूनच शेपूट कुडावर आपटायचं.

ते प्रदर्शन दर थंडीत भरत राहिलं आणि मी दर वर्षी काही ना काही घेऊन गेले. माझा आकडा आता पुढं असायचा. म्हैस मात्र तिच्याच जागी, तिला आकडा नव्हता. परत आले की आबा विचारायचे, लोक काय म्हणाले. आई ते कधी विचारायची नाही. माझ्या हातातली पिशवी घेता घेता म्हणायची, "बसलीया न्हवं पान्यात?" मी म्हणायची, व्हय, बसलीया. मग ती चहा टाकायची.

एका वर्षी गेले तर पावसाळ्यात वाळू सरकली होती. म्हैस खाली खाली गेलेली. पाठ वाळूत, मान वाळूत, ओहोटीला सुद्धा नुसती शिंगं वर, त्यातलं एक टोक उडालेलं. मी तिथं उभी राहून बघितलं आणि घरी येईपर्यंत आईला काय सांगायचं याचाच घोर. खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण तिनं पिशवी घेतली, विचारलं, आणि माझ्या तोंडून खरंच निघालं.

"नुसती शिंगं दिसत्यात गं आता, आई."

आईनं पिशवी खाली ठेवली.

"मंग लय बरी हाय," ती म्हणाली. "जिवाला गार वाटलं की म्हस तेवढीच वर ऱ्हाती."

आणि दुपार झाली होती म्हणून ती गोठ्यात गेली, नवीन म्हशीला सोडलं आणि नदीकडं निघाली. म्हैस पुढं, आई मागं, दोन्ही हात रिकामे.